माणूस बसला की धंदा बसतो?

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब,

गेल्या महिन्याच्या ३१ तारखेला दादर पश्चिमेच्या एका साडीच्या दुकानातून एक सेल्समन निवृत्त झाले. बातमी कुठं आली नाही, येण्यासारखी नव्हतीही. दुकानात सगळे त्यांना मामा म्हणतात, मालकांची नातवंडंसुद्धा. १९८४ च्या दसऱ्याला लागले तेव्हा १९ वर्षांचे होते. ४१ वर्षं एकच दुकान आणि दुकानाची एकच डावी बाजू. आधी सुती, मग सिंथेटिक, शेवटची २० वर्षं रेशमी.

मी त्याच दुकानात गल्ल्यावर असते. २६ वर्षं बिलं फाडते आहे. मामांनी काय आणि किती विकलं याचा हिशेब माझ्याइतका कुणाकडे नाही. ते उभे असताना मी बसलेली होते, हाही हिशेब माझ्याकडेच आहे. पत्र त्या दुसऱ्या हिशेबासाठी लिहिते आहे, पण पहिला सांगितल्याशिवाय दुसरा तुमच्या लक्षात यायचा नाही.

मामांचे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. पुढचं गिरणगावात कुणाला सांगावं लागत नाही. दोन वर्षं घरात चूल कशी पेटली ते मामा सांगत नाहीत. चाळीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं मुलगा कापडाच्या दुकानात चिकटला, एवढंच सांगतात. तेव्हा आमच्याकडे गिरणीचं कापड ताक्यांनी यायचं. पाच-सहा वर्षांत ताक्यांवरचे शिक्के बदलत गेले आणि सुरतेचा माल आला. वडील दुकानात एकदाच आले म्हणे. पॉपलिनच्या एका ताक्याची किनार अंगठ्यानं चोळली, "पॉवरलूम" म्हणाले आणि चहा न घेता गेले. मामा हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, वडिलांच्या अंगठ्याचं कौतुक म्हणून सांगतात.

तो अंगठा मुलाकडे आला. रेशीम खरं की खोटं हे त्यांना हात लावताच कळायचं, पण गिऱ्हाइकाला पटवायला ते आणखी दोन गोष्टी करून दाखवायचे. पहिली बऱ्याच जणांना माहीत असते. पदराच्या टोकाचा एक धागा ओढून त्याला काडी लावायची. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. दुसरी पैठणीसाठी. साडी सरळ उलटी करायची. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या पैठणीचा पदर मागूनही तसाच दिसतो, मोर मोरच राहतो आणि मुनिया मुनियाच. मागच्या बाजूला धागे लोंबत असले किंवा कातरलेले दिसले की ती यंत्रावरची. २०१० पासून पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, रेशमाला सिल्क मार्कचं लेबल असतं, पण मामा आधी साडी उलटी करायचे, लेबल मग दाखवायचे. आमच्याकडे यंत्रावरच्या सेमी पैठण्याही असतात, खरं तर त्याच जास्त खपतात. त्या विकताना मामांनी 'सेमी' हा शब्द कधी गिळला नाही. त्या एका शब्दापायी उठून गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. काही परत आली, काही नाही आली.

लग्नाचा बस्ता बांधताना तुम्हीही कधी तरी कोपऱ्यात बसला असाल. दोन्हीकडची मिळून बारा-पंधरा माणसं. शालू, सासूची, विहिणीची, करवल्यांच्या, मानपानाच्या, शिवाय आहेराच्या डझनभर, अशा लांबलचक याद्या. मामांचा नियम असा की पहिली साडी महागाची काढायची नाही आणि स्वस्तातलीही नाही. मधली काढायची आणि हात कुठं परत जातो ते बघायचं. तोंड काहीही बोलतं. बोलता बोलता हात ज्या साडीवर तिसऱ्यांदा जातो, ती हळूच बाजूला ठेवायची.

२०११ च्या लग्नसराईतला एक बस्ता मी विसरलेले नाही. नवरीचे वडील बायकांच्यात न बसता माझ्या गल्ल्याजवळच्या बाकावर टेकले होते. वरमाईंनी एक शालू पसंत केला, भरजरी, उचलताना दोन हात लागावेत असा. वडिलांनी मला खालच्या आवाजात विचारलं, "त्याचं किती?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बाकावरून उठले आणि परत बसले. मामा पंधरा फुटांवर होते, त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो शालू दिव्याखाली आडवा धरला, पदराच्या मुळाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हा मी देणार नाही. इथं एक धागा गेलाय. लग्नाच्या वस्त्रात असं नको." मग त्याच रंगातला दुसरा काढला, हलक्या जरीचा, जवळजवळ निम्म्या किमतीचा. धागा गेलाय म्हटल्यावर कोण वाद घालणार? वरमाईंनी तोच घेतला, वर मामांचे आभारही मानले.

पहिला शालू दुसऱ्या दिवशी पूर्ण किमतीला गेला. बिल मीच केलं. धागाबिगा काही गेलेला नव्हता.

मालकांना मी हे १४ वर्षं सांगितलं नाही. आता या पत्रातून कळेल. दुकानाचं म्हणाल तर नुकसान झालंच नाही, कमी झालं ते मामांचं त्या दिवसाचं कमिशन.

मामांबरोबर रंगांची नावंही गेली. आमसुली, कुसुंबी, चिंतामणी, गुलबक्षी, शेवाळी. नवी मुलं वाईन म्हणतात, पीच म्हणतात. गिऱ्हाइकंही तेच मागतात, तेव्हा मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एखाद्या साठीच्या बाई आल्या आणि "कुसुंबी दाखवा" म्हणाल्या की मुलं मामांच्या तोंडाकडे बघायची.

आता दुसरा हिशेब.

मामा लागले तेव्हा दुकानात गादी होती. मी आले तोवर ती गेलेली होती, पण तिचा फोटो गल्ल्यामागे टांगलेला आहे. रोज पाठीशी असतो. पांढरीशुभ्र चादर, लोड, चपला खाली काढलेल्या. सेल्समन मांडी घालून बसलेला, समोर गिऱ्हाईक बसलेलं, मधे साडी पसरलेली. मागच्या फडताळातून माल काढून द्यायला एक पोऱ्या. लक्ष्मी रोडला, नाशकात, सोलापुरात, जुन्या माणसांना विचारा, कापडाचा धंदा असाच बसून व्हायचा. दुकानदारीत उभं राहणं ही काही आपली परंपरा नव्हे. आमच्या दुकानात ती काउंटरबरोबर आली. दुकान नवं केलं, काच आली, एसी आला, गादी गेली. काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकांसाठी गुबगुबीत खुर्च्या आल्या. पलीकडे काही आलं नाही. तसं कुणी मुद्दाम ठरवलं होतं असं मला वाटत नाही. सुताराला सांगायचं राहिलं, इतकंच. ते इतकी वर्षं राहिलं.

सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. मधे जेवायला पाऊण तास, तेही माळ्यावर, गठ्ठ्यांना टेकून. एक साडी विकली जाते तेव्हा वीस-पंचवीस उलगडलेल्या असतात आणि त्या सगळ्यांच्या घड्या परत घालायच्या असतात. माझ्याकडे बिलाला येते ती एक. वाकून खालच्या फळीतून काढायचं, टाचा उंचावून वरच्या फळीवर ठेवायचं, निऱ्या कशा पडतील ते दाखवायला साडी स्वतःच्या कमरेला लावायची. पण मामा म्हणायचे की गर्दीत पाय दुखत नाहीत, दुपारी दोन ते चार दुखतात. गिऱ्हाईक समोर असलं की पायांची आठवण राहत नाही. रिकाम्या दुकानात उभं राहायला काही कारणच नसतं, आणि तरी उभं राहायचं असतं.

पन्नाशीच्या आसपास मामांच्या पोटऱ्यांवर शिरा फुगून आल्या, निळ्या, गाठीगाठींच्या. व्हेरिकोज व्हेन्स. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले आणि सांगितलं, फार वेळ उभं राहू नका. मामांनी हे मालकांना सांगितलं नाही, मला सांगितलं. मला हसू आलं. तेही हसले. पण माझ्या हसण्याची मला अजून लाज वाटते, कारण मी ते खुर्चीत बसून हसले होते.

आमच्याकडे आता चार मुलीही काउंटरला आहेत. त्यांच्या कथेला वेगळं पत्र लागेल. शौचालय शेजारच्या इमारतीत आहे, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, एवढं इथं सांगून ठेवते.

३१ तारखेला रात्री नऊला शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांतली एक उचलून काउंटरच्या पलीकडे नेली, मामांच्या जागेवर ठेवली आणि त्यांना तीत बसवलं. हार, शाल, श्रीफळ, पाकीट. मालक बोलले, मनापासून बोलले. मामांना बोला म्हटलं तर म्हणाले, "तिसरी फळी नीट लागलेली नाही, उद्या बघून घ्या." सगळे हसत असतानाच एक बाई शटरखालून वाकून आत आल्या. त्यांना मॅचिंग हवं होतं, पहाटेच्या गाडीनं गावी जायचं होतं. एक मुलगा "बंद झालं, मॅडम" म्हणेपर्यंत मामा उठलेही होते. शाल खांद्यावर तशीच. बाईंच्या पिशवीतल्या साडीचा काठ बोटांवर घेतला, गठ्ठ्यांवरून नजर फिरवली आणि बरोबर एकाला हात घातला. ८० सेंटिमीटर मोजलं, कात्रीची टिचकी दिली आणि टर्रकन फाडलं. मामांच्या नावावरचं शेवटचं बिल असं आहे: टू-बाय-टू, ८० सेंटिमीटर, आमसुली. त्याची कार्बन कॉपी मी स्वतःकडे ठेवली आहे. हिशेबात ती बसत नाही म्हणून ऑडिटर ओरडतील, ओरडू देत.

बाई गेल्यावर मामा परत बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि चहा तसाच प्यायले.

मालक वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहिते. ग्रॅच्युइटीचा कागद मी केला. शेवटचा पगार २२,१०० भागिले २६, म्हणजे रोजचे ८५०. त्याला १५ नं गुणायचं, मग ४१ नं. ५,२२,७५० रुपये. मालकांनी आकडा पाहिला, स्वतः एकदा कॅल्क्युलेटरवर ताडून बघितला आणि सही केली. पण आमच्या दुकानात १४ माणसं आहेत म्हणून हा हिशेब तरी मांडता आला. दहाच्या खाली माणसं असलेल्या दुकानात हीच ४१ वर्षं काढली असती, तर मालक देईल ते पाकीट. दादरच्या गल्ल्यांमधून एकदा पायी फिरा, साहेब, आणि किती दुकानांत दहा माणसं दिसतात ते मोजा.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी मालकांना म्हटलं, आता तरी काउंटरमागे चार स्टुलं ठेवू या. ते म्हणाले, "ताई, माणूस बसला की धंदा बसतो." वाक्य त्यांच्या वडिलांचं आहे, पण वडील स्वतः गादीवर बसून म्हणायचे. मी मागच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्यात सगळे बसलेले आहेत, आणि धंदा बसला नव्हता, त्या धंद्यावरच तर हे दुकान उभं आहे. मालक बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक काय म्हणेल?" हा प्रश्न खरा आहे. आत शिरल्यावर सेल्समन बसलेला दिसला की आपल्याला तो आळशी वाटतो, किंवा आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. मलाही दुसऱ्यांच्या दुकानात वाटलेलं आहे. म्हणूनच हे एकेका मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. एकट्यानं खुर्ची ठेवली तर त्याचं दुकान आळशी दिसेल. सगळ्यांनी ठेवली तर कुणाचंच दिसणार नाही. सगळ्यांना एकदम ठेवायला लावणं हे फक्त कायद्याला जमतं.

कायदा मी जमेल तसा वाचला. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वं कलम होतं. उभ्यानं काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय हवी, म्हणजे कामात जेव्हा उसंत मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल, असं ते सांगायचं. म्हणजे मामांच्या साचेवाल्या वडिलांना निदान कागदावर बसायचा हक्क होता. त्यांनीच विणलेल्या कापडाची घडी घालणाऱ्या मुलाला तो नव्हता. आपला दुकानांचा कायदा २०१७ चा आहे. त्यात ५० कामगार असले तर पाळणाघर आहे, १०० असले तर उपाहारगृह आहे, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचार आहेत. दुकानं वर्षभर, रात्रंदिवस उघडी ठेवायची मुभाही त्यानंच दिली. खुर्ची मात्र त्यात मला सापडली नाही. आणि कायदा केला तेव्हाच दहापेक्षा कमी माणसांची दुकानं त्यातल्या बहुतेक तरतुदींतून वगळली गेली. केंद्राच्या २०२० च्या संहितेत बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे, पण तोही दहा आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी.

दुसऱ्यांनी हे करून दाखवलेलं आहे. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानातल्या स्त्रियांसाठी कायदा झाला, तीन जणींमागे एक आसन. तीन जणींत एक! पण एक तरी होतं, आणि ते १८९९ मध्ये. इतक्या लांब जायला नको असेल तर कोझिकोडला जा. तिथं मिठाई थेरुवु नावाची बाजारपेठ आहे, आपल्या रानडे रोडसारखी गजबजलेली. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तिथल्या दुकानांतल्या बायकांना गोळा केलं आणि २००९ मध्ये पेनकूट्टु ही संघटना उभी राहिली. सुरुवात शौचालयाच्या मागणीपासून झाली. बसायचा हक्क पुढे आला. २०१८ मध्ये केरळ सरकारनं आपल्या दुकानांच्या कायद्यात तो घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. तिथं कापडाची दुकानं आपल्यापेक्षा मोठी आहेत, पाच-पाच मजली आहेत, आणि ती बंद पडल्याचं ऐकलेलं नाही. खुर्चीचं मोल तुम्हा मंडळींना मी सांगायची गरज नाही, नाही का?

माझी मागणी एकच आहे. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यात एक कलम घाला. काउंटरमागे काम करणाऱ्या प्रत्येकासाठी बसायला जागा असली पाहिजे, आणि समोर गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिच्यावर बसल्याबद्दल कुणाचा पगार कापता येणार नाही, कुणाला बोलता येणार नाही. ही अट दोन माणसांच्या दुकानालाही लागू करा. पाळणाघराला जागा लागते, उपाहारगृहाला पैसे लागतात, म्हणून तिथं माणसं मोजणं समजू शकते. स्टुलासाठी माणसं मोजायचं कारण मला दिसत नाही.

मामांसाठी आता याचा उपयोग नाही. ते घरी आहेत, सकाळी कट्ट्यावर जातात आणि तिथं, त्यांच्या सूनबाई सांगतात, उभेच असतात.

माझ्या गल्ल्याशेजारी एक जादा स्टूल पडून असतं. ते काउंटरच्या पलीकडे ठेवायला मालकांनी परवानगी दिली आहे. दुपारी दोन ते चार, दुकान रिकामं असताना, चौघींनी मिळून एकच. सोमवारपासून ते तिथं आहे. बाकीच्या तीन स्टुलांसाठी, आणि बाकीच्या दुकानांसाठी, तुमची सही लागेल.

आपली,
दादरच्या एका साडीच्या दुकानातली,
गल्ल्यावर बसणारी